उसन्या वयाची गाडी

माझ्या गाडीच्या मीटरवर आज ८८ हजारांच्या पुढचा आकडा दिसतो, आणि तो आकडा ना किलोमीटरचा आहे ना मैलांचा. त्यातले पहिले ६१ हजार किलोमीटर जपानच्या रस्त्यांवर मोजले गेले. २००३ साली गाडी जहाजाने इंग्लंडात आली, इथल्या कायद्याप्रमाणे वेग मैलांत दिसावा म्हणून मीटरला एक छोटे उपकरण जोडण्यात आले, आणि आकडा जिथे थांबला होता तिथूनच पुढे मैलांत मोजला जाऊ लागला. दोन देश आणि दोन मापे एकाच आकड्यात मिसळलेली आहेत. गाडीच्या आधीच्या मालकीणबाईंनी एका वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने हा हिशेब सोडवून ठेवला होता आणि दर वर्षी तो खोडून नव्याने लिहिला होता. त्यांच्या शेवटच्या नोंदीनुसार खरे अंतर सुमारे ६५ हजार मैल भरते. गाडी बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला आधी ती वही दाखवली आणि मग गॅरेजचे दार उघडले.

गाडी निसान फिगारो आहे, १९९१ सालची. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर लांबी पावणेचार मीटरच्या आत, दोन दारे, गोलसर दिवे, क्रोमची जाळी, खालचे अंग फिकट रंगाचे आणि छप्पर पांढरे. छपराचा मधला भाग कापडी आहे; खिडक्यांच्या वरच्या कडा जागच्या जागी राहतात आणि तेवढे कापड हाताने मागे दुमडून डिकीच्या बाजूला झाकणाखाली ठेवता येते. आत हस्तिदंती रंगाच्या बैठका, त्याच रंगाचे स्टिअरिंग आणि जुन्या रेडिओवर असत तशी बटणे. रस्त्यात उभी दिसली तर कोणालाही वाटेल की ही १९५० च्या दशकातली, कोणीतरी प्राणापलीकडे जपलेली गाडी असावी. प्रत्यक्षात तिच्या पोटात निसानच्याच मार्च या साध्या घरगुती गाडीचा सांगाडा, ९८७ सीसीचे टर्बो बसवलेले इंजिन आणि तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. वातानुकूलनही आहे. म्हणजे जन्मली त्या दिवशीच तिने आपल्या आधीच्या पिढीचे वय उसने घेतले होते.

हे उसने वय कोणाला आणि का हवे होते, हे समजून घेतल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये असे माझे मत आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैसा ओसंडून वाहत होता आणि तिथल्या गाड्या इतक्या निर्दोष व इतक्या एकसारख्या झाल्या होत्या, की लोकांना त्यांचा कंटाळा येऊ लागला होता. निसानने तेव्हा एका छोट्या गटाकडून मुद्दाम जुन्या वळणाच्या, मर्यादित संख्येच्या गाड्या काढल्या. १९८७ साली बी-१ आली, १९८९ साली पाओ आणि गोगलगाईच्या आकाराची एस-कार्गो ही मालवाहू गाडी आली, आणि १९८९ च्याच टोकियो मोटर शोमध्ये फिगारो लोकांपुढे ठेवण्यात आली. १९९१ मध्ये ती विक्रीला आली तेव्हा आठ हजार गाड्या काढण्याचा बेत होता, पण मागणी एवढी आली की तो आकडा वीस हजारांवर न्यावा लागला आणि गाडी कोणाला मिळणार हे सोडत काढून ठरवावे लागले. रंग चारच होते आणि प्रत्येक रंग एका ऋतूचा होता: पाचूसारखा हिरवा वसंताचा, फिकट निळसर उन्हाळ्याचा, पुष्कराजाच्या धुक्यासारखा बदामी शरदाचा आणि करडा हिवाळ्याचा. माझी शरदातली आहे. निसानने ही गाडी जपानबाहेर कधी विकली नाही, परंतु जपानप्रमाणे इंग्लंडातही वाहने डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. शिवाय जपानमध्ये जुनी गाडी दर दोन वर्षांनी तपासून घेण्याचा खर्च मालकांना नकोसा होतो. त्यामुळे पुढे या गाड्या मोठ्या संख्येने इथे येत राहिल्या आणि आज जपानबाहेर त्यांचे खरे घर म्हणायचे तर ते इंग्लंडच आहे.

मी शेफिल्डला राहते. ही गाडी घेण्याचा विचार प्रथम सांगलीला फोनवर बाबांना सांगितला, तेव्हा त्यांनी बराच वेळ काही न बोलता फोटो पाहिला आणि मग विचारले, “नवी मिळत नाही का?” मी हसून विषय बदलायला नको होता, कारण तो प्रश्न अगदी मनापासूनचा होता. थोड्या वेळाने त्यांनीच तो पुरा केला. “त्या काळी आम्हाला दुसरी गाडी मिळत नव्हती, म्हणून आम्ही तसली चालवत होतो. तुला तर सगळ्या मिळतात.”

तसली म्हणजे फियाट. आमच्या घरी सगळे तिला फियाटच म्हणत, जरी १९७४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या त्या गाडीच्या पाठीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव असे. बाबांनी ती १९८८ साली गावातल्या एका डॉक्टरांकडून घेतली, आणि ‘डॉक्टरांच्या एकाच हातची गाडी’ हे शब्द त्यांनी नंतर कित्येक वर्षे पाहुण्यांना ऐकवले. इटलीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावर आलेला तो साचा आपल्याकडे जवळजवळ तसाच नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला, कारण परवाना-पद्धतीच्या त्या काळात ना दुसऱ्या कोणाला कारखाना काढणे सोपे होते, ना असलेल्याला बदलण्याची निकड होती. नव्या गाडीसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, थंडीत ओढावा लागणारा चोक, आणि पुण्याला जाताना खंबाटकीच्या घाटात पाणी उकळले की बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभे राहणारे बाबा, हे सगळे माझ्या दहा वर्षांच्या डोळ्यांना गाडी या वस्तूचे निसर्गदत्त स्वरूप वाटत असे. त्यात कोणाला जुन्या दिवसांचा सुगंध येत नव्हता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती, आणि आमच्या गल्लीत ज्याच्या दारी मारुती आली तो फियाटमधून सुटला असे सरळ म्हटले जाई. बाबाही १९९७ मध्ये सुटले.

मी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला खरोखर थांबावे लागले. सन एकच, १९९१. टोकियोत लोक जुन्या चेहऱ्याची नवी गाडी मिळावी म्हणून सोडतीत नाव टाकत होते, आणि त्याच वर्षी सांगलीत माझे वडील तीस वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याची गाडी चालवत होते, कारण दुसरी परवडणारी आणि मिळणारी गाडी जवळपास नव्हतीच. तिकडे रांग जुन्याकडे जाण्यासाठी होती, इकडे जुन्यातून बाहेर पडण्यासाठी. त्या जुलैत मनमोहन सिंगांनी मांडलेल्या अर्थसंकल्पानंतर आपल्याकडची ही कोंडी हळूहळू फुटली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आपण इतक्या वेगाने पुढे आलो की मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली तेव्हा तिच्यासाठी हळहळणाऱ्यांमध्ये, एके काळी तिच्यातून सुटलेले पुष्कळजण होते. बाबा त्यांत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की नाइलाजाला कोणी शोभा म्हणू नये. मला ते पटते, आणि तरीही मला फिगारो हवी होती. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे मला गाडी शोधण्याच्या चार महिन्यांत उमगत गेले.

पहिली फिगारो मी एका शहरातल्या विक्रेत्याकडे पाहिली. ती इतकी चकचकीत होती की तिच्याकडे पाहताना डोळे दिपावेत. आरशाच्या कडेपासून दाराच्या बिजागरीपर्यंत कोठे ओरखडा नव्हता. मी आधी बरेच वाचून गेले होते, त्यामुळे पिशवीत एक लोहचुंबक आणि छोटी विजेरी होती. या गाडीचे पुढच्या चाकांवरचे मडगार्ड मुळातच प्लॅस्टिकचे असतात, तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. पण मागच्या चाकांच्या कमानी आणि दारांखालचा उंबरठा हे पोलादी असतात, आणि तिथे चुंबक घसरला तर वरच्या सुंदर रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. चुंबक दोन्ही बाजूंना घसरला. जपानमध्येच विकण्यासाठी बनलेल्या गाड्यांना सहसा खालून जाड संरक्षक लेप दिलेला नसतो, आणि इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. अशा गाडीला इथे आल्यावर ताबडतोब खालून लेप दिला नाही तर दहा वर्षांत तिची कूस पोखरली जाते. विक्रेत्याने किंमत सांगितली तेव्हा मी सेवेच्या पावत्या मागितल्या. त्या नव्हत्या. मला त्या दिवशी जे वाईट वाटले ते फसवले गेल्याचे नव्हते, कारण मी फसले नव्हते. एका चांगल्या हाताने घडवलेल्या वस्तूवर कोणीतरी नुसता चेहरा राखून बाकीचे कुजू दिले, याचे ते दुःख होते.

जुन्या वळणाच्या गाडीबाबत हा धोका इतर गाड्यांपेक्षा मोठा असतो. साधी सेकंडहँड गाडी विकत घेणारा माणूस इंजिन ऐकतो, टायर बघतो, हिशेब करतो. इथे ग्राहक आधीच रूपाने जिंकलेला असतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला, की गाडी पाहण्याआधी तिचे कागद पाहायचे. या देशात त्यासाठी एक फार चांगली सोय आहे. तीन वर्षांहून जुन्या जवळजवळ प्रत्येक गाडीची दर वर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात, आणि २००५ पासूनचे तिचे निकाल केवळ नंबरप्लेटवरून कोणालाही विनामूल्य वाचता येतात. कोणत्या वर्षी ब्रेक एकीकडे ओढत होता, कधी उंबरठ्याला गंज ‘लक्ष ठेवण्याजोगा’ होता, आणि पुढच्या वर्षी तो शेरा नाहीसा झाला तर मधल्या काळात पत्रा जोडला गेला की नुसता रंग फासला गेला, हे सारे तिथे ओळींमधून वाचता येते. मी रात्री जेवणे आटोपल्यावर असे पंधरा-वीस गाड्यांचे इतिहास वाचले. काही गाड्या दोन-दोन वर्षे तपासणीलाच गेलेल्या नव्हत्या. काही दर वर्षी मालक बदलत होत्या. आणि एक गाडी अशी होती, की तिच्या नावावर वीस वर्षांत वर्षाला हजार-तेराशे मैल इतकेच अंतर, प्रत्येक शेऱ्याला पुढच्या वर्षी उत्तर, आणि नापास एकदाच, तेही एका दिव्याच्या काचेमुळे.

ती लिंकनशायरमधल्या बाईंची. त्या निवृत्त शिक्षिका. सत्तरीनंतर इथे दर तीन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, आणि या वेळी त्यांनी नजर पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून स्वतःहूनच अर्ज केला नाही. त्यांनी ती गाडी जपानहून आल्याआल्याच घेतली होती. वहीत त्यांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी होत्या: दर तीन हजार मैलांनी इंजिनचे ऑइल बदलले, कारण छोट्या इंजिनावर बसवलेला टर्बो तेलावरच जगतो, २०१२ साली सिलिंडर हेडची गॅस्केट बदलली, २०१६ साली मागच्या दोन्ही कमानी कापून नवा पत्रा जोडला. पावत्या तारखेवार लावलेल्या. जपानमधली नोंदणी रद्द केल्याचा मूळ दाखलाही होता, त्यावरची अक्षरे आम्हा दोघींनाही वाचता येत नव्हती, पण किलोमीटरचा आकडा वाचता येत होता, आणि तो वहीशी जुळत होता. बाबा नेहमी म्हणत, गाडी घेताना आधी माणूस बघावा. मला त्या टेबलापाशी बसून सांगलीच्या डॉक्टरांची आठवण झाली, ज्यांनी बाबांना किल्ली देताना बॉनेट उघडून पाऊण तास गाडीच्या सवयी समजावून सांगितल्या होत्या.

गाडी चालवून पाहिली ती गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर. लिंकनशायर सपाट आहे, शेफिल्ड टेकड्यांवर वसले आहे, म्हणून मी थोडे दूर जाऊन एक चढ शोधला. तीन गिअरांचा गिअरबॉक्स चढावर क्षणभर विचार करतो, मग खालचा गिअर पडतो आणि टर्बोची बारीक शीळ ऐकू येते. तिथे धक्का बसला किंवा आरशात निळा धूर दिसला तर गाडी परत द्यावी. धक्का नव्हता आणि धूरही नव्हता. वातानुकूलन थंड होत नव्हते, उजवीकडची काच वर जाताना अडखळत होती, आणि मागच्या गालिच्याखाली हात घातल्यावर ओल लागली. ती ओल त्यांनी स्वतःच दाखवली. छप्पर दुमडून ठेवतात त्या खोबणीत पाने साचली की पाणी आत उतरते, असे त्या म्हणाल्या, आणि पावसाळी गारठ्यात बोटांनी तिथली पाने कशी काढायची तेही दाखवले. ७,२०० पौंड ठरले. मी घासाघीस केली नाही. त्या वहीची किंमत कमी करून मागणे मला जमले नसते.

या गाडीत एअरबॅग नाहीत, मागची जागा मोठ्या माणसासाठी नाहीच, आणि आजच्या मोटारींच्या उंच भिंतींमध्ये मोटरवेवर ती मला असुरक्षित वाटते, म्हणून मी तिला मोटरवेवर नेत नाही आणि मुलीला मागे बसवत नाही. पेट्रोल पंपावर दहा टक्के इथेनॉलचे साधे पेट्रोल न घेता पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल भरते. लंडनच्या हद्दीत एवढी जुनी पेट्रोल गाडी नेली तर सहसा दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, पण मी डोंगरांच्या गावात राहते आणि माझे रस्ते दुसरीकडे जातात. हे सगळे हिशेब मी डोळे उघडे ठेवून केले. आमच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे. ती नसती तर ही घेतली नसती.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला गाडी घरी आणल्यानंतर एका साध्या वजाबाकीत सापडले. फिगारो ज्या काळाची आठवण करून देते त्यातली, तिच्यासारखेच दुमडते कापडी छप्पर असलेली छोटी इटालियन फियाट ५०० ही १९५७ साली आली. १९५७ ते १९९१ ही ३४ वर्षे. आणि १९९१ पासून २०२५ पर्यंतही ३४ वर्षे. जितके वय या गाडीने जन्मताना उसने घेतले होते, तितके ती आता स्वतः जगली आहे. तिच्या क्रोमवरचे बारीक टिपके कोणी नक्षी म्हणून काढलेले नाहीत, बैठकीच्या उजव्या कडेला पडलेली घडी वीस वर्षे एकाच बाईंच्या उतरण्या-चढण्याने पडलेली आहे, आणि कमानीवरचा जोड एका कारागिराने २०१६ साली पाठीवर झोपून केलेला आहे. उसने फेडले गेले. टोकियोतल्या त्या पहिल्या मालकाला सोडतीत जे मिळाले ते एक सुंदर सोंग होते. मला जे मिळाले ते त्या सोंगाखाली साठलेले खरे वय आहे, आणि ते फक्त सेकंडहँडच मिळू शकते. फोनवर मी बाबांना हे सांगितले, की नवी मिळाली असती तरी मी ही नवी घेतली नसती. ते म्हणाले, “ऑइल कोणते घालतेस ते सांग.” त्यानंतर आमचे अर्धा तास गाडीवर बोलणे झाले, गॅस्केटवर, पाणी उकळण्यावर, खंबाटकीच्या घाटावर. बाबा त्या फियाटविषयी इतके बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

वहीतली पुढची पाने आता मी भरते. पेन्सिलीचा हिशेब खोडून नवा लिहिण्याची वेळ पुढच्या वसंतात येईल. परवा, नोव्हेंबरच्या पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर, लिंकनशायरहून फोन आला. त्या बाईंनी माझी खुशाली विचारली, मुलीची विचारली, आणि मग जरा संकोचून, मागच्या खोबणीतली पाने काढली का, असे विचारले. मी त्यांना सांगितले की कालच काढली, मूठभर निघाली, बहुतेक आमच्या दारातल्या मेपलची होती, आणि गालिचा कोरडा आहे.